दृष्टिपटलाचे विकार

दृष्टिपटलाचे विकार म्हणजे नेत्रगोलाच्या मागील भागात आतून पसरलेल्या प्रकाशसंवेदी पडद्याला आणि त्याला लागून असलेल्या भागांना होणारे आजार. दृष्टिपटलास जालपटल किंवा रेटिना अशीही नावे असून बोलीभाषेत त्याला ‘डोळ्याचा पडदा’ म्हणतात. मधुमेहामुळे होणारी दृष्टिपटलविकृती, वार्धक्यातील पीतबिंदूचा ऱ्हास, दृष्टिपटल सुटणे (‘पडदा सरकणे’), दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्यांतील अडथळे, अकाली जन्मलेल्या बालकांतील दृष्टिपटलविकृती आणि आनुवंशिक ऱ्हास हे त्यांतील प्रमुख होत.

दृष्टिपटलात वेदना जाणणारे मज्जातंतू नसतात. त्यामुळे त्याचे बहुतेक आजार दुखत नाहीत, डोळा लालही होत नाही. शिवाय एका डोळ्याची दृष्टी मंदावली तरी दुसरा डोळा ती उणीव झाकतो व रुग्णाला कित्येक महिने पत्ता लागत नाही. मोतीबिंदूमुळे गेलेली दृष्टी शस्त्रक्रियेने बहुधा परत मिळते. दृष्टिपटलाच्या मृत पेशी मात्र पुन्हा निर्माण होत नाहीत. म्हणून या आजारांत कोणता उपचार केला याइतकेच तो केव्हा सुरू झाला यालाही महत्त्व असते.

रचना आणि कार्य

गर्भावस्थेत दृष्टिपटल मेंदूच्या वाढत्या भागातून तयार होते. रचनेच्या दृष्टीने तो मेंदूचाच बाहेर आलेला भाग आहे. त्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरहून कमी असली तरी सूक्ष्मदर्शकाखाली त्यात दहा थर ओळखता येतात. मंद प्रकाशात काम करणाऱ्या सुमारे १२ कोटी दंडपेशी आणि रंग व बारकावे ओळखणाऱ्या सुमारे ६० लाख शंकुपेशी प्रकाशाचे विद्युतसंदेशांत रूपांतर करतात. हे संदेश दृष्टीच्या मज्जातंतूतील दहा लाखांहून अधिक तंतूंद्वारे मेंदूकडे जातात.

दृष्टिपटलाच्या मध्यभागी असलेल्या पिवळसर भागाला पीतबिंदू म्हणतात. वाचन, चेहरे ओळखणे, सुईत दोरा ओवणे ही कामे या लहानशा भागावर अवलंबून असतात. पीतबिंदू बिघडला की समोरचे दिसत नाही, पण चालता-फिरता येते. परिघाकडील भाग बिघडला की वाचता येते, पण माणूस दाराच्या चौकटीला धडकतो.

दृष्टिपटलाला दोन बाजूंनी रक्तपुरवठा होतो. आतील थरांना मध्यवर्ती धमनीच्या शाखा रक्त पुरवतात, तर दंड व शंकुपेशींच्या थराला मागील रंजितपटल या रक्तवाहिन्यांनी भरलेल्या थरातून पोषण मिळते. पडदा रंजितपटलापासून सुटला तर या पेशींचे पोषण तुटते. धमनी बंद झाली तर आतील थर मरतात. नेत्रगोलाची पोकळी काचाभ द्रव या पारदर्शक, जेलीसारख्या पदार्थाने भरलेली असते. तो दृष्टिपटलाला काही ठिकाणी घट्ट चिकटलेला असतो, आणि दृष्टिपटल फाटण्याचे मूळ अनेकदा तेथेच असते.

मधुमेही दृष्टिपटलविकृती

मधुमेहामुळे दृष्टिपटलाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या खराब होतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढील मधुमेहींपैकी १६.९ टक्के व्यक्तींमध्ये ही विकृती आढळली. कामाच्या वयातील माणसांची दृष्टी हिरावणाऱ्या कारणांत हिचे स्थान जगभर वरचे आहे.

रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिल्यास केशवाहिन्यांच्या भिंतींना आधार देणाऱ्या पेशी नष्ट होतात. भिंती कमकुवत होऊन त्यांना बारीक फुगे येतात, त्यांतून रक्त व स्निग्ध पदार्थ झिरपतात. नेत्रतळाच्या तपासणीत लाल ठिपके आणि पिवळसर डाग दिसतात. या टप्प्यावर रुग्णाला बहुधा काहीही जाणवत नाही व चष्म्याच्या तक्त्यावरील शेवटची ओळही वाचता येते. ‘मला स्वच्छ दिसते’ हे रुग्णाचे सांगणे खरे असते, पण ते दृष्टिपटल निरोगी असल्याचा पुरावा ठरत नाही.

झिरपलेला द्रव पीतबिंदूत साठला तर त्याला सूज येते. अक्षरे पुसट होतात, सरळ रेषा वाकड्या दिसतात. मधुमेहात दृष्टी मंदावण्याचे हे सर्वांत सामान्य कारण असून ते आजाराच्या कोणत्याही टप्प्यावर उद्भवू शकते.

पुढील टप्प्यात केशवाहिन्या मोठ्या प्रमाणावर बंद पडतात. प्राणवायू न मिळालेला भाग व्हीईजीएफ नावाचे प्रथिन सोडतो आणि त्यामुळे नव्या रक्तवाहिन्या फुटू लागतात. शरीराचा हा बचावाचा प्रयत्न असला तरी तो घातक ठरतो, कारण या वाहिन्या नाजूक असून काचाभ द्रवाच्या आधाराने वाढतात. त्या फुटल्या की डोळ्यात रक्त उतरते आणि काही तासांत नजरेसमोर जाळे किंवा काळोख येतो. त्यांच्यासोबत वाढणारे तंतू आकसून दृष्टिपटल ओढून सोडवतात. नव्या वाहिन्या डोळ्याच्या पुढील भागात पसरल्यास द्रवाचा निचरा अडून उपचारास दाद न देणारा काचबिंदू होतो.

मधुमेहाचा कालावधी हा सर्वांत मोठा जोखीम घटक आहे. अनियंत्रित साखर, उच्च रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार, रक्तातील वाढलेली मेदद्रव्ये आणि गर्भावस्था यांमुळे आजार वेगाने वाढतो. साखरेच्या कडक नियंत्रणामुळे विकृतीचा प्रारंभ व वाढ दोन्ही लक्षणीय प्रमाणात रोखता येतात, हे पहिल्या प्रकारच्या मधुमेहाबाबत १९९३ मध्ये अमेरिकेतील आणि दुसऱ्या प्रकाराबाबत १९९८ मध्ये ब्रिटनमधील दीर्घकालीन चाचण्यांनी सिद्ध केले. ब्रिटिश चाचणीत रक्तदाब नियंत्रणाचाही स्वतंत्र फायदा दिसला. मात्र फार वाढलेली साखर एकाएकी खाली आणल्यास विकृती सुरुवातीला काही काळ बळावू शकते. अशा वेळी नेत्रतपासणी लांबवत नाहीत.

दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात निदान झाले त्याच वेळी नेत्रतळाची तपासणी करतात, कारण निदानापूर्वी आजार कित्येक वर्षे शरीरात असू शकतो. पहिल्या प्रकारात ती निदानानंतर पाच वर्षांच्या आत करतात. पुढे साधारणपणे दरवर्षी, आणि विकृती आढळल्यास अधिक वेळा तपासणी होते. आधीपासून मधुमेह असलेल्या गर्भवतीची तपासणी पहिल्या तिमाहीतच आवश्यक असते. चष्म्याच्या दुकानातील नंबरची तपासणी ही नेत्रतळाची तपासणी नव्हे. उलट, साखरेच्या चढउताराने भिंग फुगून चष्म्याचा नंबरच बदलत राहतो आणि नवा चष्मा घेण्यात मोलाचा वेळ निघून जातो.

प्रगत अवस्थेत दृष्टिपटलाच्या परिघावर लेझरचे शेकडो सूक्ष्म डाग देतात. त्यामुळे प्राणवायूची मागणी घटून नव्या वाहिन्या आक्रसतात. १९७० च्या दशकातील अमेरिकी चाचणीत या उपचाराने तीव्र दृष्टिनाशाचे प्रमाण निम्म्याहून कमी झाले. मात्र रात्रीची व बाजूची नजर काही अंशी घटते. मध्यवर्ती दृष्टी वाचवण्यासाठी मोजलेली ही किंमत असते. पीतबिंदूच्या सुजेवर आता प्रामुख्याने व्हीईजीएफला रोखणारी औषधे डोळ्यात इंजेक्शनने देतात. डोळ्यात सुई या कल्पनेनेच अनेक रुग्ण कचरतात. प्रत्यक्षात थेंबांनी डोळा बधिर करून काही सेकंदांत ही क्रिया पार पडते. अडचण येते ती पुनःपुन्हा येण्याची व खर्चाची. सुरुवातीला बहुधा दरमहा इंजेक्शन लागते आणि दृष्टी जरा सुधारली की उपचार सोडून देण्याकडे कल असतो. साठलेले रक्त न निवळल्यास किंवा दृष्टिपटल ओढले जात असल्यास काचाभ द्रव काढून टाकण्याची शस्त्रक्रिया (व्हिट्रेक्टॉमी) करतात.

दृष्टिपटल सुटणे

वाढत्या वयात काचाभ द्रव पातळ होऊन दृष्टिपटलापासून विलग होतो. ही प्रक्रिया स्वाभाविक असून बहुतेकांना तिचा त्रास होत नाही. परंतु जेथे तो घट्ट चिकटलेला असतो तेथे ताण बसून दृष्टिपटल फाटू शकते. त्या छिद्रातून द्रव मागे शिरतो आणि भिंतीवरचा ओला कागद सुटावा तसे दृष्टिपटल सुटू लागते. मोठा उणे नंबर, पूर्वी झालेली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, डोळ्याला लागलेला मार आणि कुटुंबातील इतिहास यांमुळे धोका वाढतो.

डोळ्यासमोर अचानक अनेक काळे ठिपके किंवा धागे तरंगू लागणे, अंधारात कडेला वीज चमकल्यासारखे दिसणे आणि एका बाजूने सावली किंवा पडदा पुढे सरकत येणे ही याची लक्षणे आहेत. वर्षानुवर्षे दिसणारा एखाददुसरा तरंगता ठिपका बहुधा निरुपद्रवी असतो. अचानक वाढलेले ठिपके तसे मानता येत नाहीत. केवळ छिद्र असताना रुग्ण आला तर बाह्यरुग्ण विभागात लेझरने त्याच्या कडा सांधता येतात. पडदा सुटला पण पीतबिंदू अद्याप जागेवर असेल तर तातडीची शस्त्रक्रिया केल्यास चांगली दृष्टी टिकते. पीतबिंदूही सुटल्यावर शस्त्रक्रियेने पडदा जागेवर बसला तरी पूर्वीची नजर क्वचितच पूर्णपणे येते.

शस्त्रक्रियेत श्वेतपटलावर बाहेरून सिलिकॉनची पट्टी बसवून भिंत आत दाबतात, किंवा काचाभ द्रव काढून पोकळीत वायू अथवा सिलिकॉन तेल भरतात. वायूचा बुडबुडा छिद्रावर टेकून राहावा यासाठी रुग्णाला काही दिवस डोके विशिष्ट स्थितीत, कधी पालथे, ठेवावे लागते. डोळ्यात वायू असेपर्यंत विमानप्रवास वर्ज्य असतो, कारण उंचीवर हवेचा दाब कमी होऊन वायू प्रसरण पावतो व डोळ्यातील दाब धोकादायक पातळीवर जातो.

स्वित्झर्लंडमधील लोझान येथील नेत्रवैद्य ज्यूल गोनँ यांच्यापूर्वी हा आजार जवळजवळ असाध्य मानला जाई. दृष्टिपटल सुटण्याचे कारण त्यातील छिद्र आहे आणि ते बुजवले तरच पडदा पुन्हा बसतो, हे त्यांनी दाखवून दिले. १९२० च्या दशकात त्यांची उष्णतेने छिद्र बुजवण्याची पद्धत मान्य होत गेली. आजच्या सर्व शस्त्रक्रिया त्याच तत्त्वावर उभ्या आहेत.

वार्धक्यातील पीतबिंदूचा ऱ्हास

हा आजार प्रामुख्याने पन्नाशीनंतर होतो. ‘कोरड्या’ प्रकारात दृष्टिपटलाखाली ड्रुसेन नावाचे पिवळसर साठे जमतात आणि पीतबिंदूच्या पेशी हळूहळू झिजतात. ‘ओल्या’ प्रकारात रंजितपटलातून नव्या वाहिन्या वर येऊन रक्त व द्रव पाझरतो. काही दिवसांत किंवा आठवड्यांत मध्यभागी काळा डाग येतो. ओला प्रकार कमी आढळत असला तरी तीव्र दृष्टिनाशास मुख्यतः तोच कारणीभूत होता. व्हीईजीएफविरोधी रॅनिबिझुमॅबला २००६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाल्यानंतर हे चित्र पालटले. मूळ कर्करोगासाठी असलेले बेव्हासिझुमॅब हे पुष्कळ स्वस्त औषधही जवळपास तितकेच परिणामकारक असल्याचे २०११ मधील तुलनात्मक चाचणीत दिसले.

वय व आनुवंशिकता यांवर इलाज नाही; टाळता येण्याजोग्या कारणांत धूम्रपान सर्वांत ठळक आहे. ठरावीक मात्रेतील जीवनसत्त्व क, जीवनसत्त्व ई, जस्त, तांबे, ल्युटीन व झियाझँथिन यांच्या मिश्रणाने मध्यम अवस्थेतील आजार पुढे जाण्याची शक्यता कमी होते. निरोगी डोळ्यांना त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही. ‘डोळ्यांसाठी टॉनिक’ म्हणून सरसकट घेण्यात अर्थ नाही. रुग्णाला घरी स्वतःची तपासणी करता यावी म्हणून ॲम्स्लर तक्ता वापरतात. एक डोळा झाकून पाहिल्यावर त्यावरील चौकोनांच्या रेषा वाकड्या किंवा तुटक दिसल्या तर तपासणीची गरज असते.

रक्तवाहिन्यांतील अडथळे

दृष्टिपटलाची शीर बंद पडल्यास मागे रक्त तुंबते, ठिकठिकाणी रक्तस्राव होतात व पीतबिंदूला सूज येते. उच्च रक्तदाब हे याचे प्रमुख कारण असून कधीकधी या आजारामुळेच रक्तदाब प्रथम लक्षात येतो.

धमनी बंद पडणे अधिक गंभीर असते. एका डोळ्याची दृष्टी क्षणार्धात, कोणत्याही वेदनेशिवाय जाते. काही तासांतच दृष्टिपटलाची हानी कायमची होते आणि खात्रीचा उपचार उपलब्ध नाही. तरीही रुग्णाला तत्काळ रुग्णालयात नेणे आवश्यक असते, कारण ही घटना मेंदूतील पक्षाघाताच्याच जातीची आहे. मानेतील धमनी किंवा हृदयातून सुटलेली गुठळी पुढच्या वेळी मेंदूत अडकू शकते. काही मिनिटे दृष्टी जाऊन परत येणे हीदेखील अशीच पूर्वसूचना असते.

ईल्स रोग हा भारतीय उपखंडात तुलनेने अधिक आढळणारा विकार आहे. बर्मिंगहॅमचे नेत्रवैद्य हेन्री ईल्स यांनी १८८० च्या सुमारास त्याचे वर्णन केले. प्रामुख्याने तरुण पुरुषांत परिघाकडील शिरांना दाह होऊन डोळ्यात वारंवार रक्तस्राव होतो. क्षयरोगाच्या जंतूंविषयीच्या अतिसंवेदनशीलतेशी त्याचा संबंध जोडला जातो.

बालकांतील विकार

गर्भात दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्यांची वाढ प्रसूतीच्या सुमारास पूर्ण होते. बाळ फार लवकर जन्मले तर ही वाढ अर्धवट राहते व पुढे विकृत वाहिन्या फुटून दृष्टिपटल सुटू शकते. अमेरिकी नेत्रवैद्य थिओडोर टेरी यांनी १९४२ मध्ये या आजाराची नोंद केली. अनिर्बंध प्राणवायू देण्याने तो वाढतो हे १९५० च्या दशकात स्पष्ट झाले. भारतातील मार्गदर्शक सूचनांनुसार ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा २,००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांची पहिली तपासणी जन्मानंतर ३० दिवसांच्या आत व्हावी लागते. बाळाला नवजात अतिदक्षता विभागातून घरी सोडले जाते तेच दिवस नेमके धोक्याचे असतात. बाळ वजन धरू लागलेले, कुटुंब निर्धास्त झालेले असते आणि तपासणी राहून जाते. वेळीच दिलेल्या लेझर किंवा इंजेक्शनाने बहुतेक बाळांची दृष्टी वाचते. पूर्ण सुटलेल्या दृष्टिपटलावर शस्त्रक्रिया करूनही फारसे हाती लागत नाही.

रेटिनोब्लास्टोमा हा बहुधा पाच वर्षांखालील मुलांत होणारा दृष्टिपटलाचा कर्करोग आहे. फ्लॅश वापरून काढलेल्या छायाचित्रात बाहुलीत लाल झाकेऐवजी पांढरी झाक दिसणे आणि नव्याने आलेला तिरळेपणा ही त्याची लक्षणे आहेत. पुष्कळदा आई-वडिलांनाच ती प्रथम दिसतात. डोळ्यापुरता मर्यादित असताना निदान झाल्यास बहुसंख्य मुले बरी होतात. आनुवंशिक प्रकारात भावंडांचीही तपासणी करावी लागते.

आनुवंशिक ऱ्हास

रेटिनायटिस पिग्मेंटोसा या विकारसमूहात प्रथम दंडपेशी नष्ट होतात. सुरुवात रातांधळेपणाने होते, नंतर बाजूची नजर आकसत जाऊन नळीतून पाहिल्यासारखे दिसते. सुमारे ४,००० व्यक्तींत एकाला तो होतो. अप्रगत जनुकांमुळे होणारे प्रकार नात्यातील विवाहांतून जन्मलेल्या संततीत अधिक आढळतात. दक्षिण महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी विवाहाची प्रथा असल्याने तेथे जनुकीय समुपदेशनाला विशेष महत्त्व आहे. जीवनसत्त्व अ च्या अभावानेही रातांधळेपणा येतो, पण तो उपचाराने बरा होतो, त्यामुळे दोहोंत फरक करणे आवश्यक असते. आरपीई६५ या जनुकातील दोषावर २०१७ मध्ये अमेरिकेत जनुकोपचारास मान्यता मिळाली. इतर बहुतेक प्रकारांवर अद्याप इलाज नाही.

प्रकाशामुळे होणारी इजा

सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहिल्यास भिंगाने एकवटलेला प्रकाश पीतबिंदू भाजतो. ९ जुलै १९४५ च्या ग्रहणानंतर अशी इजा झालेल्या वैद्यकीय विद्यार्थ्याचा डोळा तपासताना जर्मन नेत्रवैद्य गेर्ड मायर-श्विकेराथ यांना कल्पना सुचली की, मोजून दिलेला असाच डाग दृष्टिपटल सांधण्यासाठी वापरता येईल. प्रथम सूर्यप्रकाश, मग झेनॉन दिवा आणि पुढे लेझर असा या उपचाराचा प्रवास झाला.

न मोजलेला लेझर मात्र इजाच करतो. महाराष्ट्रात गणेशोत्सवाच्या मिरवणुकांतील लेझर झोतांमुळे तरुणांच्या दृष्टिपटलात रक्तस्राव झाल्याच्या बातम्या कोल्हापूर, पुणे आदी शहरांतून आल्या. २०२४ च्या गणेशोत्सवात पुणे पोलिसांनी अशा झोतांना मनाई केली. मोबाइलच्या प्रकाशाने दृष्टिपटल जळते, या प्रचलित समजाला मात्र पुरावा नाही.

तपासणी

१८५१ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हर्मान फॉन हेल्महोल्त्स यांनी नेत्रतळदर्शक यंत्राची माहिती प्रसिद्ध केली आणि जिवंत माणसाचे दृष्टिपटल प्रथमच नीट पाहता येऊ लागले. आजही तपासणीची सुरुवात थेंबांनी बाहुली मोठी करून नेत्रतळ पाहण्यानेच होते. थेंबांमुळे काही तास जवळचे धूसर दिसते व उजेड सहन होत नाही. या काळात वाहन चालवू नये असे सांगितले जाते. हातात रंगद्रव्याचे इंजेक्शन देऊन काढलेल्या छायाचित्रांत गळणाऱ्या वाहिन्या दिसतात. १९९१ मध्ये प्रथम वर्णन झालेल्या ओसीटी तंत्रामुळे डोळ्याला स्पर्शही न करता दृष्टिपटलाच्या थरांचा छेद काही सेकंदांत मिळतो. मोतीबिंदू फार पिकल्याने नेत्रतळ दिसत नसेल तर ध्वनिलहरींची सोनोग्राफी करतात. ती टाळल्यास मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही नजर न आल्याचा अनुभव रुग्णाला येऊ शकतो, कारण मागचा पडदा आधीच निकामी झालेला असतो.

मधुमेहींची संख्या पाहता प्रत्येकाचा नेत्रतळ तज्ज्ञाने तपासणे भारतात शक्य नाही. त्यामुळे प्रशिक्षित तंत्रज्ञाने कॅमेऱ्याने छायाचित्र घ्यायचे आणि दूरवरच्या तज्ज्ञाने ते वाचायचे, ही पद्धत रूढ होत आहे. अशी छायाचित्रे वाचणाऱ्या संगणकप्रणालीवरील २०१६ मधील बहुचर्चित संशोधनात भारतीय रुग्णालयांतील छायाचित्रांचाही वापर झाला होता. विकृती आढळलेल्या रुग्णाला लेझर किंवा इंजेक्शनाची सोय असलेल्या केंद्रापर्यंत पोहोचवण्याचे काम मात्र छायाचित्रानंतर सुरू होते. ग्रामीण भागात बरेच रुग्ण याच टप्प्यावर उपचाराबाहेर राहतात.